शंका कोणाच्या खात्यावर?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या डॉक्टरांपुढे एक चमत्कारिक दुखणं येऊन उभं राहिलं. जवानाच्या अंगावर ओरखडा नाही, पण हात थरथरतायत, वाचा गेलीय, रात्री किंचाळत उठतोय. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यावर लिहिलं आणि ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकाच्या दप्तरी आला. सैन्याच्या कारकुनीला मात्र वेगळीच अडचण होती. याला जखमी म्हणायचं की आजारी? तोडगा निघाला तो असा: जवळ तोफगोळा फुटून हे झालं असेल तर कागदावर ‘डब्ल्यू’ लिहायचं, नसेल तर ‘एस’. डब्ल्यूवाल्याच्या बाहीवर जखमीची पट्टी आणि त्याला पेन्शनचा हक्क. एसवाल्याला दोन्ही नाही. पुढे तर तुकडीच्या अधिकाऱ्याकडे फॉर्म पाठवून ‘हा खरंच स्फोटाच्या टप्प्यात होता का’ याचा दाखला मागवण्याची पद्धत पडली. दाखला द्यायला तो अधिकारी जिवंत असेल, हे सोयीस्करपणे गृहीत धरलेलं होतं.

दोघांचे हात सारखेच थरथरत होते. फरक होता तो फक्त एका अक्षराचा, आणि ते अक्षर वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकातून आलेलं नव्हतं.

सैनिकाचा आजार आणि त्याची नोकरी यांचा संबंध ठरवण्याचे निकष कसे असावेत, ते कधी आणि कोणी बदलावेत, यावर आजही जगभर वाद चालू आहेत. ते सगळे वरवर वैद्यकीय वाटतात. समिती बसते, संशोधनाचे ढीग वाचले जातात, अहवाल येतो. पण खोलात गेलं की प्रश्न वैद्यकाचा उरतच नाही. विज्ञान सांगतं, ‘इतकं ठाऊक आहे, इतकं ठाऊक नाही.’ त्या ‘ठाऊक नाही’चा खर्च सैनिकाने सोसायचा की त्याला तिथे पाठवणाऱ्या सरकारने, हे ठरवणं डॉक्टरचं काम नाही. ते आपलं, म्हणजे नागरिकांचं आणि संसदेचं काम आहे. आपण ते डॉक्टरांच्या गळ्यात घालून मोकळे होतो, तिथेच गोची आहे असं मला वाटतं.

आकड्यांतून बघू. समजा, दहा हजार सैनिक विषारी धुरात राबले. त्यांच्यासारखेच दुसरे दहा हजार त्या धुरापासून लांब होते. तीस वर्षांत लांब राहिलेल्यांपैकी शंभर जणांना एक विशिष्ट कर्करोग झाला, धुरातल्यांपैकी दीडशे जणांना. म्हणजे पन्नास जणांचा रोग धुराने आणला, यात वाद नाही. पण ते पन्नास कोणते? कर्करोगाच्या गाठीवर शिक्का नसतो. दीडशेतल्या कोणालाही उभं केलं तरी ‘तुझा रोग धुरामुळेच’ असं म्हणण्याची शक्यता तीनात एक. आता नियम जर ‘संबंध असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त हवी’ असा असेल, तर दीडशेच्या दीडशे अर्ज फेटाळले जातील. पन्नास माणसांचं आपण नुकसान केलंय हे आपल्याला पक्कं माहीत आहे, आणि तरीही प्रत्येक फाइलवर ‘संबंध सिद्ध होत नाही’ असा शेरा तर्काला धरून मारता येतो. सही करणारा माणूस खोटारडा नसतो, दुष्टही नसतो. निकषच तसा असतो.

शिवाय हे गणित मी सोपं करून मांडलंय. ज्याला सत्तराव्या वर्षी होणारा रोग धुरामुळे पंचावन्नाव्या वर्षी झाला, तो या पन्नासात धरलाच जात नाही. तुलनेसाठी कोणाला घ्यायचं हीदेखील भानगड असते. सैन्यात माणसं पारखून घेतात: छाती मोजतात, डोळे तपासतात, पळवून बघतात. अशा निवडक धडधाकट लोकांची तुलना सर्वसामान्य लोकसंख्येशी केली आणि दोन्हीकडे रोगाचं प्रमाण सारखं निघालं, तर ‘चला, काही धोका नाही’ असं वाटतं. खरं तर ते सारखं निघणं हीच धोक्याची घंटा असते, कारण या गड्यांमध्ये ते कमी असायला हवं होतं. साथरोगशास्त्र शिकणाऱ्याला हे ठाऊक असतं. अर्जाच्या टेबलापर्यंत ते पोचत नाही.

निकष बदलण्याची कहाणी सर्वांत तपशिलात वाचायला मिळते ती अमेरिकेत. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने व्हिएतनामच्या जंगलांवर आणि पिकांवर तणनाशकं फवारली. ‘एजंट ऑरेंज’ हे त्यातलं सर्वांत कुप्रसिद्ध. त्यात डायॉक्सिन या जहाल विषाची भेसळ होती. (ते ज्यांच्या शेतात पडलं त्या व्हिएतनामी शेतकऱ्यांची फाइल अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या टेबलावर आली नाही, ते या लेखाच्या कक्षेबाहेरचं असलं तरी विसरण्यासारखं नाही.) परतलेल्या सैनिकांना कर्करोग व्हायला लागले तेव्हा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जायचा: तुमच्या अंगावर किती पडलं, सिद्ध करा. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने जंगलात डायॉक्सिन मोजायचं कशाने?

१९९१ च्या एजंट ऑरेंज कायद्याने हा प्रश्नच उलटा केला. ठरावीक काळात व्हिएतनाममध्ये सेवा केली असेल तर संपर्क झाला असं धरून चालायचं, आणि यादीतला आजार असेल तर तो त्यामुळेच झाला असं मानायचं. यादी कशी वाढवायची तेही ठरवून दिलं. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने दर दोन वर्षांनी सगळा पुरावा वाचून प्रत्येक आजार चारपैकी एका खान्यात टाकायचा: पुरावा पुरेसा, पुरावा मर्यादित, पुरावा अपुरा, आणि संबंध नसल्याचे संकेत. अहवाल हातात पडला की साठ दिवसांत माजी सैनिक खात्याच्या मंत्र्याने निर्णय घ्यायचा. या पद्धतीतून यादी हळूहळू वाढत गेली. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह २००१ मध्ये आला, पार्किन्सन्स आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार २०१० मध्ये.

मला यात यादीपेक्षा त्या साठ दिवसांचं अप्रूप वाटतं. कारण ती मुदत गेल्यावर काय झालं तेही आपल्यासमोर आहे. कायद्यातली ही तरतूद २०१५ मध्ये संपुष्टात आली. २०१८ च्या अखेरीस अकादमीने उच्च रक्तदाबाला ‘मर्यादित’मधून उचलून ‘पुरेसा’ या सर्वांत वरच्या खान्यात ठेवलं. म्हणजे विज्ञानाच्या बाजूने विषय संपला. पण मंत्र्यावर आता घड्याळाचं बंधन नव्हतं. निर्णय लोंबकळत राहिला, आणि उच्च रक्तदाब यादीत आला तो थेट ऑगस्ट २०२२ मध्ये, अमेरिकी संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, नवीन कायदा केला तेव्हा. मधल्या काळात व्हिएतनामच्या पिढीतली माणसं सत्तरी ओलांडत होती. अशा वयाच्या अर्जदारासाठी पावणेचार वर्षांचा विलंब हाच निकाल ठरू शकतो. मागणारा उरला नाही की मागणी आपोआप निकाली निघते.

२०२२ चा तो पॅक्ट कायदा झाला त्यामागेही असंच एक न मोजलेलं विष होतं. इराक आणि अफगाणिस्तानातल्या अमेरिकी तळांवर कचऱ्याची विल्हेवाट कशी लावायची? खड्डा खणायचा, सगळं टाकायचं, विमानाचं इंधन ओतायचं, पेटवून द्यायचं. प्लास्टिक, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्यातला कचरा, विष्ठा, सगळं एकत्र. इराकमधल्या बलाद तळावरचा खड्डा काही एकर पसरलेला होता आणि अहोरात्र धुमसायचा. वारा फिरला की तो काळा धूर झोपायच्या तंबूंवर उतरायचा. हेच तरुण पुढे दमा, फुप्फुसाचे विकार, दुर्मीळ कर्करोग घेऊन खात्याच्या दारात उभे राहिले, तेव्हा बहुतेकांना उत्तर मिळालं की धूर आणि आजार यांचा संबंध दाखवणारा पुरावा अपुरा आहे.

अपुरा का, तर कोणता सैनिक किती दिवस किती धूर गिळत होता याच्या नोंदी नाहीत. नोंदी ठेवायच्या कोणी होत्या? खड्डा कोणी खणला होता? हवा मोजायची यंत्रं कोणाकडे होती? पुरावा गोळा करण्याचं साधन ज्याच्या एकट्याच्या हातात, त्यानेच तो गोळा केला नाही, आणि नंतर तोच म्हणतोय ‘पुरावा आणा’. साध्या दिवाणी दाव्यातसुद्धा, ज्याच्या ताब्यातला कागद तो दाखवत नाही, त्याच्याविरुद्ध न्यायाधीश अनुमान काढू शकतो. सैनिकाच्या बाबतीत मात्र रिकाम्या रकान्याचा फायदा रकाना रिकामा ठेवणाऱ्यालाच मिळतो.

कधी कधी रकाना रिकामा नसतो, झाकलेला असतो. १९९१ च्या आखाती युद्धानंतर मार्चमध्ये अमेरिकी जवानांनी इराकमधल्या खमिसिया इथला शस्त्रसाठा स्फोटाने उडवून दिला. त्यातल्या काही रॉकेटांत सरीन हा मज्जासंस्थेवर हल्ला करणारा वायू होता. पेंटागॉनने हे जाहीरपणे मान्य केलं १९९६ मध्ये. त्यानंतर जवळपास एक लाख सैनिकांना कळवण्यात आलं की तुमचा थोडाफार संपर्क आला असण्याची शक्यता आहे. मधल्या पाच वर्षांत थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांची बोळवण ‘ताण आहे’ म्हणून होत होती. त्या डॉक्टरांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही. त्यांच्यापुढे ठेवलेल्या कागदात सरीन नव्हताच.

म्हणून माझं म्हणणं असं, की निकष सुधारायचा म्हणजे केवळ आजारांच्या यादीत चार नावं वाढवायची नाहीत. संपर्क मोजलेला असेल तर मोजमापावर बोला. मोजलेला नसेल, तर त्या जागी त्या काळात नेमणूक होती एवढंच पुरे. आणि पुरावा बदलला की निर्णय किती दिवसांत घ्यायचा, याची मुदत कायद्यात हवी, मंत्र्याच्या मर्जीवर नको.

ऑस्ट्रेलियाने या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. तिथे एखाद्या डॉक्टरने संबंधाची पटण्याजोगी शक्यता मांडली तरी दावा उभा राहू शकतो, असा अर्थ उच्च न्यायालयाच्या निकालांतून निघायला लागला तेव्हा सरकार धास्तावलं. १९९४ मध्ये कायदा बदलून पाच तज्ज्ञांचं स्वतंत्र वैद्यकीय प्राधिकरण नेमलं गेलं. प्रत्येक आजारासाठी ते ‘तत्त्वांची विधानं’ काढतं: नोकरीतल्या कोणत्या गोष्टी, किती प्रमाणात, लक्षणांच्या किती आधी घडल्या असतील तर संबंध मान्य. एकाच आजारासाठी अशी विधानं जोडीने निघतात. युद्धभूमीवरच्या सेवेसाठी सैल कसोटी, शांततेतल्या सेवेसाठी कडक. सैनिक किंवा त्यांच्या संघटना ‘हा आजार पुन्हा तपासा’ अशी मागणी करू शकतात, आणि प्राधिकरणाचा निर्णय पटला नाही तर दाद मागायला वेगळी परिषद आहे. शिवाय कायद्याच्या सर्वसाधारण नियमानुसार अशी विधानं दहा वर्षांनी आपसूक रद्द होतात, त्यामुळे ती पुन्हा तपासून काढावीच लागतात.

एकाच आजाराला दोन कसोट्या हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो. शंकेचा किती वाटा कोणी उचलायचा हे तिथे उघडपणे लिहून ठेवलंय. पुरावा तोच, रोग तोच. ज्याला रणांगणात पाठवलं त्याच्यासाठी देश जास्त शंका स्वतःच्या अंगावर घेतो. हा राजकीय निर्णय आहे आणि तो तसाच मांडलाय, वैद्यकाच्या बुरख्याआड लपवलेला नाही.

त्याची दुसरी बाजूही आहे. विधानं बंधनकारक असल्याने माणूस आकड्यात बसला नाही की संपलं, मग त्याचा स्वतःचा डॉक्टर काहीही सांगो. आणि निकष कितीही नेटके असले तरी अर्जच हलत नसतील तर काय उपयोग? सैनिकांच्या आत्महत्यांची चौकशी करणाऱ्या तिथल्या राजआयोगाने २०२२ च्या अंतरिम अहवालात चाळीस हजारांहून जास्त प्रलंबित दाव्यांकडे बोट दाखवलं होतं. नियम इतके गुंतागुंतीचे झाले होते की नियम समजून घेणं हाच एक आजार होऊन बसला होता.

भारताचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. आपल्याकडे नियमांचा शब्द उदार आणि वापर कंजूष. सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनचे १९८२ चे नियम सांगत होते की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं मानायचं, सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नाही, आणि रास्त शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. जगातल्या कोणत्याही कायद्यापुढे मान वर करून ठेवावं असं हे कलम. पण सेवेबाहेर पडताना मेडिकल बोर्ड ज्या रकान्यात लिहितं तिथे अनेकांच्या वाट्याला चार इंग्रजी अक्षरं येतात, ज्यांचा उच्चार ‘नाना’ होतो. लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, याचं ते लघुरूप. माजी सैनिक आपसांत विचारतात, ‘काय, नाना मिळाला का?’ मराठीत नाना म्हणजे घरातला कोणीतरी मायेचा वडीलधारा. या नानाने मात्र किती घरांची पेन्शन बुडवली असेल.

या शेऱ्याखालचं कारण बघण्यासारखं असतं. आजार पीस स्टेशनवर (म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत) असताना सुरू झाला, फील्डमधल्या ताणाशी त्याची काळाची जवळीक नाही, अशा अर्थाची ती ठरीव ओळ असते. आता रक्तदाब कसा वाढतो ते आठवा. तो गोळीसारखा एका दिवशी लागत नाही. वर्षानुवर्षं मुकाट्याने चढत जातो आणि वार्षिक तपासणीत कधीतरी सापडतो. सलग दोन कठीण नेमणुका करून माणूस पीस स्टेशनवर येतो, तिथे निवांत तपासणी होते, पट्टा दंडाला बांधला जातो, पारा वर चढतो. आजार सापडला त्या जागेलाच आजाराचं जन्मस्थान मानायचं असेल, तर सगळे आजार दवाखान्यातच होतात असं म्हणावं लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंह खटल्यात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत सांगितली: भरतीच्या वेळी नोंद नाही, बोर्डाने कारणं दिलेली नाहीत, तर नियमातलं गृहीत दावेदाराच्या बाजूने जातं. तेव्हापासून सशस्त्र दल न्यायाधिकरणांपासून वरपर्यंत हा निकाल अनेकदा लावला गेला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही या प्रकारच्या दाव्यांत सरकारने उठसूट अपिलात जाऊ नये असं सुचवलं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आणि डॉक्टरांसाठी नवी मार्गदर्शिका आली. अपंगत्वाच्या एका भागाला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नाव मिळालं, आणि जीवनशैलीच्या आजारांबाबत हात आखडता घेतला गेला अशी माजी सैनिकांची तक्रार सुरू झाली. नियम त्या तारखेनंतर बाहेर पडणाऱ्यांना लागू आहेत, एवढं बरं. पण न्यायालयात वारंवार हरल्यावर सरकारने आपली वागणूक बदलायची की नियमाचा शब्द, या दोहोंतलं काय निवडलं गेलं, हे बघण्यासारखं आहे.

आता विरोधी बाजू. ती फुटकळ नाही. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे म्हातारपणी सैन्यात नसलेल्यांनाही होतात. ते सरसकट यादीत घातले की ज्याचा संपर्कच नव्हता त्यालाही पैसे जातात, आणि ते करदात्यांचे असतात. आरामखुर्चीत नोकरी काढून निवृत्त होताना अपंगत्वाची टक्केवारी मिळवणारे महाभाग असतात, हे सैनिकच खासगीत सांगतात आणि त्यांनाच त्याचा जास्त राग असतो. पाय गमावलेल्या जवानाच्या आणि यांच्या पेन्शनला एकच नाव का, हा प्रश्न रास्त आहे.

मी यातलं अर्धं मान्य करतो. दुर्मीळ आणि एखाद्या विषाची खूण सांगणाऱ्या आजारांसाठी दार सताड उघडं ठेवावं. जहाजांच्या इंजिनखोलीत अ‍ॅस्बेस्टॉसने गुंडाळलेल्या नळ्यांशेजारी काम केलेल्या खलाशाला तीस-चाळीस वर्षांनी मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) झाला तर त्याच्याशी वाद घालणं निलाजरेपणाचं आहे. वयोमानाने होणाऱ्या सर्रास आजारांसाठी मात्र संपर्काचा काळ, नेमणुकीचं ठिकाण यांच्या पायऱ्या ठेवायला माझी हरकत नाही. नव्या संशोधनातून एखादा संबंध खोटा निघाला तर तो यादीतून काढायलाही हरकत नाही, मात्र ज्याला एकदा दिलंय त्याच्याकडून काढून घेऊ नये. आणि उपचार व भरपाई यांची फारकत करावी. संबंध सिद्ध होईपर्यंत पेन्शन थांबली तर समजू शकतो. खोकणाऱ्या माणसाचं सीटी स्कॅन कशासाठी थांबायचं? पॅक्ट कायद्याने संपर्कात आलेल्यांना दावा मंजूर होण्याची वाट न बघता आरोग्यसेवेत दाखल होण्याचा रस्ता उघडला, तो मला त्या कायद्याचा सर्वांत शहाणा भाग वाटतो.

पण ‘जीवनशैली’ हा शब्द मी इतक्या सहज मान्य करणार नाही. अमेरिकी सैन्याच्या शिध्याच्या पाकिटात १९७५ पर्यंत सिगारेटी असायच्या, भाकरीसोबत कांदा यावा तशा. मग १९९८ मध्ये तिथे कायदा झाला की केवळ सेवाकाळातल्या तंबाखूसेवनावर उभा असलेला आजाराचा नवा दावा मान्य करायचा नाही. सवय लावली सरकारने आणि व्यसन ठरलं सैनिकाचं. झोपेचे तास, जेवणाच्या वेळा, बदल्या, घरापासूनची वर्षं, यातलं काहीच ज्याने स्वतः निवडलं नाही, त्याच्या आजाराला ‘त्याची’ जीवनशैली म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

एक गोष्ट राहते, आणि सुधारणांच्या गदारोळात तीच सर्वांत आधी विसरली जाते: आधी फेटाळलेल्यांचं काय? निकष बदलतो तो उद्याच्या अर्जासाठी. काल ज्याला ‘संबंध नाही’ असं पत्र गेलं, त्याला निकष बदलल्याचं कोण सांगतं? तो दूर कुठेतरी म्हातारा झालेला असतो, पत्र ट्रंकेत तळाशी गेलेलं असतं, किंवा तो गेलेला असतो आणि त्याच्या बायकोला पत्रातली भाषा कळलेली नसते. अमेरिकेत नेहमर नावाच्या खटल्यात १९८९ मध्ये न्यायालयाने एजंट ऑरेंजचे जुने नकार बेकायदा नियमावर उभे होते असं ठरवलं, आणि १९९१ च्या तडजोडीत खात्याने मान्य केलं की डायॉक्सिनशी जोडलेला नवीन आजार यादीत आला की फेटाळलेल्या जुन्या फाइली खातं स्वतः शोधून पुन्हा तपासेल आणि थकबाकी मूळ अर्जाच्या तारखेपर्यंत मागे जाऊन देईल. अर्जदार हयात नसेल तर त्याच्या वारसांना. २०१० मध्ये तीन आजार यादीत आले तेव्हा दीड लाखाच्या आसपास जुनी प्रकरणं खात्याला पुन्हा उघडावी लागली. कपाटं उघडली, धूळ झटकली गेली, आणि वीस-वीस वर्षांपूर्वी ‘नाही’ लिहिलेल्या कागदांवर कारकुनांनी नव्याने तारखा टाकल्या.